शिवा ट्रिलॉजीचा तिसरा भाग लेकीच्या हातात द्यावा का?

निमाणी_ते_अंबड :

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, खाली तिन्ही भागांची कथा शेवटापर्यंत उघड होणार आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांनी कृपया इथेच थांबा.

माझी लेक आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने कपाटातून अमीश यांच्या शिवा ट्रिलॉजीचे पहिले दोन भाग काढले आणि दहा दिवसांत संपवले. दुसरा संपला त्या रात्री साडेअकराला मला हलवून उठवलं. "आई, बृहस्पती जिवंत आहे! तिसरा कुठे ठेवलास?" तिसरा माळ्यावरच्या पेटीत आहे, मीच ठेवलाय. तिला "शोधते" म्हटलं, त्याला आज चार दिवस झाले. पेटी अजून खाली काढलेली नाही. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

2010 ते 2014 मी अंबडला एका कंपनीत हिशेबाच्या कामाला होते. माहेर पंचवटीत, सीता गुंफेच्या मागच्या बोळात. कंपनीची बस सकाळी सव्वासातला निमाणीहून सुटायची. होळकर पूल, रविवार कारंजा, सीबीएस, त्र्यंबक नाका, मग सिडकोतून अंबड. पाऊण तास सहज जायचा. मी खिडकीशी बसून 'इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' वाचत होते, तर शेजारच्या स्टोअरमधल्या ताईंनी विचारलं, "एवढं काय वाचतेस गं?" म्हटलं, शंकराची गोष्ट आहे. "मग मोठ्याने वाच की." इंग्रजीत आहे म्हटलं. तर म्हणाल्या, "मग सांग."

तिथून सुरू झालं. रात्री मी वाचायचे आणि सकाळी बसमध्ये मराठीत सांगायचे. आधी ताई एकट्या, मग पॅकिंगमधल्या दोघी, मग मागच्या बाकांवरच्याही पुढे येऊन उभ्या राहायला लागल्या. महिनाभरात ड्रायव्हर काका निमाणीलाच रेडिओ बंद करायचे. तिबेटातला एक टोळीनायक, मानसरोवराकाठून मेलुहा नावाच्या राज्यात येतो, माणसाला तरुण ठेवणारा सोमरस पितो, गळा निळा होतो आणि लोक त्याच्या पाया पडायला लागतात. त्याला स्वतःला हे काही पटत नसतं. हे सांगताना मी भान विसरायचे. मेलुहाचा मुख्य शास्त्रज्ञ बृहस्पती सोमरसाचं शास्त्र समजावून सांगतो तो भाग मी दोन दिवस सांगितला. प्राणवायूच आपल्याला जगवतो आणि तोच हळूहळू म्हातारं करतो, हे ऐकून पॅकिंगमधली एक जण म्हणाली, "म्हणजे लोखंडाला गंज चढतो तसं?" कारखान्यातल्या बायकांना ते लगेच कळलं.

ऑगस्ट 2011 ला दुसरा भाग आला, 'सीक्रेट ऑफ द नागाज'. नाग म्हणजे पुस्तकात जन्मतः व्यंग असलेली, समाजाने बाहेर काढलेली माणसं. त्यांची लपलेली राजधानी कुठली, हे त्या भागातलं मोठं गुपित. मला रात्री कळलं आणि झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बस पुलावर येईपर्यंत मी तोंड मिटून बसले. पाऊस होता, खाली गोदा गढूळ होऊन वाहत होती, कुणीतरी दुतोंड्या मारुती किती बुडाला ते सांगत होतं. मी म्हटलं, "नागांची राजधानी म्हणजे पंचवटी." क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग स्टोअरवाल्या ताई मागे वळून पुलापलीकडे बघायला लागल्या, जणू काही तिथे खरंच काही दिसणार होतं. "आपली?" "आपलीच. गोदावरीकाठची."

माझ्या घरून सीता गुंफेकडे आलं की ते पाच वड लागतात. बुंध्यांवर एक ते पाच आकडे आहेत. लहानपणापासून तिथे यात्रेकरूंना आकडे मोजताना बघितलं, मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात रोज थांबून बघायचे. तीन नंबरच्या पारंबीला कुणीतरी लाल दोरा बांधला होता, त्याचा रंग पावसाने बुंध्यावर उतरला होता. हे मला अजून आठवतं, कारण एका गोष्टीमुळे मला माझं गाव नव्याने दिसलं होतं.

दुसरा भाग शेवटी असा सोडलाय की जीव टांगणीला लागावा. पंचवटीच्या शाळेत शिव धावत जातो तर समोर बृहस्पती मुलांना शिकवतोय. ज्याच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघाला होता तोच. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी बसमधल्या सगळ्यांचे प्रश्न पेन्सिलीने लिहून घेतले. अकरा झाले. बृहस्पतीने मित्राला का फसवलं? गोदावरीत शिवाच्या ताफ्यावर बंदी घातलेली दैवी अस्त्रं कुणी सोडली? सोमरस बंद केला तर त्यावर इतकी वर्षं तरुण राहिलेली माणसं आता कशी म्हातारी होणार? ड्रायव्हर काकांचा प्रश्न सातवा: "शाळेतल्या त्या पोरांचं काय झालं?"

दीड वर्ष वाट पाहिली. तिसरा भाग 27 फेब्रुवारी 2013 ला आला. आपल्या कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. पुढे अकरा दिवसांनी महाशिवरात्र होती. बसमध्ये सगळ्यांनी ठरवलं की शिवरात्रीच्या आत नीळकंठ मेलुहाच्या राजधानीला, देवगिरीला, पोचला पाहिजे.

सुरुवात छान झाली. बृहस्पती शिवाला सगळं समजावतो. ज्या सोमरसाने मेलुहा घडवलं तोच आता विष झालाय. त्याच्यामुळे नागांची व्यंगं, त्याच्याच टाकाऊ पाण्याने पूर्वेकडच्या ब्रंग लोकांमधली साथ, त्याच्याचसाठी सरस्वती आटतेय. चांगल्याचंच कालांतराने वाईट होतं, हा विचार मी चार दिवस सांगितला. आणि मग पुस्तकातलं युद्ध सुरू झालं. गणेश-कार्तिक अयोध्येची फौज अडवायला, शिव पाशुपतास्त्र आणायला परिहा देशाला, कोण कुठल्या नदीने, किती जहाजं, कुठला व्यूह. पहिल्या भागातल्या पन्नास पानांना मला चार सकाळी लागायच्या. इथली मधली शंभरेक पानं एका फेरीत संपली आणि बस अजून त्रिमूर्ती चौकातच होती. मला वाटायला लागलं, मीच नीट सांगत नाही.

मग शेवट. मेलुहाचा सम्राट, सतीचा बाप दक्ष, त्याने तहाच्या नावाखाली दगा केला, शिवाच्या जागी सती गेली, तिच्याबरोबर नंदी. दोघंही गेले. सतीची ती लढाई सांगताना माझा आवाज फुटला, बसमध्ये दोघी रडल्या. त्याबद्दल काही तक्रार नाही, ते उत्तमच लिहिलंय. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की शिवाने पाशुपतास्त्र सोडून देवगिरी संपवली. मग एकदम बऱ्याच वर्षांनंतरचं मानसरोवर. आणि झालं.

ड्रायव्हर काकांनी गाडी गेटावर उभी केली, इंजिन बंद केलं आणि विचारलं, "मग पुढं?"

"संपलं काका."

"असं कसं संपलं? एक अख्खं शहर जाळलं ना त्याने?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. दुसऱ्या भागात ह्याच माणसावर गोदावरीत दैवी अस्त्रं सुटली तेव्हा तो संतापला होता, कारण रुद्राने, म्हणजे पुस्तकातल्या आधीच्या महादेवाने, त्यांना बंदी घातलेली. तिसऱ्यात पाशुपतास्त्र आणतो तेही दक्षाला धाक दाखवून तह करायला लावण्यासाठी. आणि मग तेच अस्त्र शोकाच्या भरात सोडतो. असं घडू शकतं, माणूस शोकात काहीही करतो. पण बाराशे-तेराशे पानं ज्याने "वाईट म्हणजे काय" हाच प्रश्न विचारला, त्याने आपल्या हातून जे झालं त्याकडे वळून बघायला नको? मला ती पानं हवी होती. सतीसाठीचा शोक दिसतो. देवगिरीसाठीचा मला तरी दिसला नाही.

अकरापैकी चारच प्रश्नांपुढे मी बरोबरची खूण केली. पुढच्या सोमवारी काकांनी निमाणीला रेडिओ लावला. कुणी बंद करा म्हणालं नाही.

म्हणून विचारते. लेकीला तिसरा तसाच देऊ? आधी काही सांगून ठेवू? की माझाच हिरमोड मी तिच्या माथी मारतेय?

ओझरचा_वाचक :

ताई, द्या आणि काही सांगू नका. तुमची अपेक्षा तुमच्यापाशी.

मला तिसराच भाग सगळ्यात आवडला. सती एकटी उभी राहते तो प्रसंग मी किमान सहा वेळा वाचला असेन. पहिल्या भागात शिव सगळ्यांना वाचवतो, तिसऱ्यात ज्याला वाचवायचं तेच त्याच्या हातून सुटतं. आणि देवगिरीबद्दल म्हणाल तर शहर सोडून जायला लोकांना वेळ दिला होता की. जे राहिले ते आपणहून राहिले.

आपण दीड वर्ष वाट बघतो तेव्हा मनात आपलाच एक तिसरा भाग लिहून झालेला असतो. लेखकाचा त्याच्याशी जुळला नाही की आपण म्हणतो फसला. तुमच्या लेकीने दीड वर्ष नाही, चार दिवस वाट बघितलीय.

वडाची_पारंबी :

मी उलटीकडून आले, आधी रामाची मालिका वाचली आणि मग शिवाची, त्यामुळे एक वेगळी गोष्ट डोळ्यात भरली.

'सायन ऑफ इक्ष्वाकु' 2015 ला आलं. त्यात राम मिथिलेच्या रक्षणासाठी असुरास्त्र सोडतो. परवानगी नसताना. रुद्राच्या नियमाने पहिल्या गुन्ह्याला चौदा वर्षं हद्दपारी. म्हणजे ह्या लेखकाच्या जगात रामाचा वनवास हा कैकेयीच्या वरापेक्षा त्या अस्त्राची शिक्षा आहे आणि राम ती स्वतःहून मागून घेतो. शहर वाचवलं तरी शिक्षा. त्या शिक्षेतली काही वर्षं तो कुठे काढतो? पंचवटीत. पुस्तकाची सुरुवातच गोदावरीकाठी होते, सीतेच्या अपहरणापासून.

म्हणून निमाणीताईंचा मुद्दा मला नेमका वाटतो. राम चौदा वर्षं भोगतो. शिव मानसरोवराला जातो ते शोकाने जातो, तिथे जाणं ही शिक्षा म्हणून कुणी त्याला सांगितलेलं नाही आणि त्यानेही स्वतःला सांगितलेलं दिसत नाही. दोन वर्षांनी लेखकाने जे रामाला दिलं ते शिवाला द्यायचं राहून गेलं. मला तर वाटतं, ते राहून गेलं म्हणूनच रामाच्या पुस्तकात ते इतकं ठळक आलं. हा माझा अंदाज आहे हं.

मुलीला तिसरा दिल्यावर लगेच हे पुस्तक द्या. पंचवटी परत भेटेल तिला.

ओझरचा_वाचक :

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. असुरास्त्र आणि पाशुपतास्त्र एका ओळीत कधी ठेवूनच बघितले नाहीत. तरी माझं मत बदललेलं नाही, सतीच्या प्रसंगासाठी मी तिसराच भाग वर ठेवीन.

गडवाट :

मी वणीकडचा, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. ही पुस्तकं नातवाने वाचायला दिली. इंग्रजी जमेना म्हणून मराठी अनुवाद वाचले. तुम्ही बसमध्ये जे केलंत ते फार मोलाचं आहे, बाई. आमच्या लहानपणी देवळात पुराण सांगणारे यायचे ते असंच करायचे. पोथी संस्कृत, सांगणं मराठी, आणि श्रोत्याने मध्येच प्रश्न विचारला की थांबून त्याचं समाधान करायचं आणि मगच पुढच्या श्लोकाला हात घालायचा.

आता मूळ कथा बघा. भागवताच्या चौथ्या स्कंधात दक्षयज्ञ आहे. सती बापाच्या यज्ञात अपमानाने देह सोडते. शिव जटा आपटतो, त्यातून वीरभद्र उभा राहतो, यज्ञाचा विध्वंस होतो, दक्षाचं मस्तक उडतं. लोकांना एवढंच माहीत असतं. पण कथा तिथे थांबत नाही. देव कैलासावर जाऊन शिवाची विनवणी करतात. शिव येतो. दक्षाच्या धडावर बोकडाचं मस्तक बसवतो, दक्ष उठतो आणि ज्याचा अपमान केला त्याचीच स्तुती करतो, आणि मोडलेला यज्ञ पुरा होतो. म्हणजे ज्याने मोडलं त्यानेच येऊन सांधलं. बोकडाचं मस्तक हे विचित्र वाटतं खरं, पण शाळेत मी मुलांना सांगायचो की तुटलेलं जोडलं तरी पहिल्यासारखं होत नाही हे पुराणकारांना चांगलं ठाऊक होतं.

कादंबरीत वीरभद्र आहे, शिवाचा बालमित्र म्हणून. दक्ष आहे, विध्वंस आहे, सती आहे. सांधणं मात्र नाही. तुमच्या ड्रायव्हरने "मग पुढं" विचारलं ते मला वाटतं ह्याचसाठी. ज्या माणसाने लहानपणी कुठेतरी ही कथा ऐकली असेल त्याच्या कानाला पुढचा तुकडा अपेक्षित असतो. तो आला नाही की पायरी चुकल्यासारखं होतं.

लेखकाने पुराणातलं सगळं घ्यावं असं माझं म्हणणं नाही. ती त्याची कथा आहे. पण अर्धी घेतली की उरलेली अर्धी वाचकाच्या मनात जागी राहते, आणि तिचं काहीतरी करावं लागतं.

आमच्या दारातून सप्तशृंगगड दिसतो. साडेतीन पीठांमधलं अर्धं. सतीचा देह खांद्यावर घेऊन शिव फिरला आणि जिथे जिथे तिचे अवयव पडले तिथे पीठं झाली, ही कथा इथे शेंबडं पोरही सांगतं. म्हणजे शोकाचंसुद्धा पुढे काहीतरी झालं, लोकांना डोकं टेकायला जागा झाल्या.

रविवार_कारंजा :

मी पुस्तकविक्रीत होतो, 2013 ला तो भाग आला तेव्हा दुकानातच होतो. पहिली छपाईच पाच लाख प्रतींची होती आणि आगाऊ नोंदणी इतकी की आम्ही नावांची वही केली होती. पहिल्या भागाला प्रकाशक मिळत नव्हता म्हणून लेखकाला सुरुवातीला दुसऱ्या मार्गाने काढावा लागला होता, तिथून तीन वर्षांत इथपर्यंत.

मला आठवतं ते एवढंच की पहिल्या दोन भागांनंतर गिऱ्हाईक दुकानात येऊन उभ्या उभ्या बोलायचं. "पुढे काय होईल हो?" तिसरा वाचून झाल्यावर लोक आले, दुसरी पुस्तकं घेऊन गेले, त्यावर फारसं बोलले नाहीत. नाराज होते असं नाही म्हणणार. बोलायला काही उरलं नव्हतं.

पण पोरीपासून लपवू नका. उद्या ती मोबाइलवर शेवट वाचून मोकळी होईल.

निमाणी_ते_अंबड :

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि मग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. दक्षयज्ञाची कथा मला माहीत होती पण यज्ञ पुरा होतो हे विसरून गेले होते. तुमच्या कथेवरून मला कपालेश्वर आठवला. रामकुंडावरचं महादेवाचं देऊळ, आम्ही दर सोमवारी जायचो. तिथे महादेवापुढे नंदी नाही. कथा अशी की शिवाला ब्रह्महत्येचं पातक लागलं होतं आणि रामकुंडात स्नान केल्याने ते जातं ही वाट त्याला नंदीने दाखवली. म्हणून शिवाने त्याला गुरू मानलं आणि गुरूने आपल्यापुढे बसू नये म्हणून सांगितलं. म्हणजे बघा, आमच्या पंचवटीतच, पुस्तकातल्या राजधानीतच, असा शिव आहे ज्याच्या हातून पातक घडलं, जो ते घेऊन दारोदार फिरला आणि ज्याला बैलाकडून शिकावं लागलं. आणि ते त्याने मान्य केलं, देवळाच्या रचनेत ते दिसतं. पुस्तकातला नंदीही सतीबरोबर गेला, त्याचीही जागा रिकामी झाली. त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलेला शिव मला वाचायचा होता. मला काय कमी पडलं ते दहा-बारा वर्षं नीट सांगता येत नव्हतं, आता येतंय.

ओझरचे दादा, लोकांना वेळ दिला होता हे खरं, मी ते लिहायला हवं होतं. पण मेलुहाचा सेनापती पर्वतेश्वर आपणहून मागे राहतो म्हणून शिवाचं ओझं हलकं होतं का? मला तर उलट वाटतं.

आज पेटी खाली काढते.

वडाची_पारंबी :

कपालेश्वराचं वाचून अंगावर काटा आला. मी कॉलेज रोडला राहते, रामकुंडावर शेकडो वेळा गेलेय, नंदी नाही हे कधी लक्षातच आलं नाही.

मुलगी काय म्हणते ते नक्की कळवा.

निमाणी_ते_अंबड :

कळवायचं राहून गेलं, माफ करा. तीन आठवडे झाले. पुस्तक तसंच दिलं, आधी एक शब्द सांगितला नाही. फक्त एक अट घातली की तिने मला रोज थोडं सांगायचं, मी जसं बसमध्ये सांगायचे तसं. आता आम्ही इंदिरानगरला राहतो. सकाळी मी तिला गाडीवरून शाळेत सोडते, बारा-पंधरा मिनिटं मिळतात. ती मागे बसून कानाशी ओरडून सांगते.

जहाजं आणि व्यूह तिनेही एका सकाळीत उरकले. "मग खूप लढाई होते," एवढंच. मी काही बोलले नाही पण मला बरं वाटलं.

पण पर्वतेश्वरावर ती तीन दिवस अडकली. त्याला पटलंय की शिवच नीळकंठ, त्याला पटलंय की सोमरस वाईट, तो शिवाला देव मानतो, आणि तरी तो मेलुहाच्या बाजूने उभा राहतो कारण मेलुहाचं रक्षण करायची त्याने शपथ घेतलीय. मी बसमध्ये हे पाच मिनिटांत सांगून पुढे गेले होते, मला सतीकडे जायची घाई होती. ही पोरगी पहिल्या दिवशी त्याच्यावर चिडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पण आई, तो शिवाला जाऊन तोंडावर सांगतो ना. लपून नाही जात." तिसऱ्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हळू आवाजात विचारलं, "तू असतीस तर?" शेजारी रिक्षा होती, तिच्यातली आजी आमच्याकडे बघत होती. मी म्हटलं, मला विचार करावा लागेल. खरंच करावा लागला. दिवसभर बिलं तपासताना डोक्यात तेच होतं. इतकी भक्कम गोष्ट त्याच पुस्तकात होती आणि ती माझ्या हातून निसटली होती, हे मला मान्य केलं पाहिजे. बसमधल्या बायकांनाही मी ती नीट दिली नाही.

शेवटाबद्दल माझं मत आहे तेच आहे. देवगिरीनंतरची पानं अजूनही मला अपुरीच वाटतात. तिला ते कसं वाटतं बघू.

दुसऱ्या भागातलं पेन्सिलीचं पान तिला सापडलं. अकरा प्रश्नांखाली तिने बारावा लिहिलाय, हिरव्या पेनाने: "आनंदमयीला कुणी विचारलं का?" आनंदमयी पर्वतेश्वराची बायको, त्याच्याबरोबर ती मागे राहते, त्याबद्दल. मी तिसऱ्या भागातली ती पानं काल रात्री पुन्हा काढून वाचली. खूण करायची की नाही, अजून ठरत नाहीये.

काल सती देवगिरीला निघाली, नंदी बरोबर आहे. आज चाचणी परीक्षा म्हणून तिने मागे बसून भूगोल म्हटला, गोष्ट नाही.